हवेतली झुंज आणि खालचे गवत



घुबड हे पाखरू आपल्या बोलण्यात जितके आहे तितके पाहण्यात नाही. कुणी तोंड पाडून बसला की आपण म्हणतो, "काय घुबडासारखा बसलायस!" तेच घुबड चित्रात लक्ष्मीपाशी दिसले तर हात जोडतो आणि घराच्या आढ्यावर येऊन बसले तर काठी घेऊन धावतो. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी पाखराची भाषा कळते असे सांगूनच भविष्य बोलतो. जुनी माणसे सांगत, की घुबडाला दगड मारू नये. ते दगड उचलून नदीत नेऊन टाकते, आणि दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. समजूत खोटी खरी, पण तिच्यामुळे कित्येक घुबडे दगडापासून वाचली असतील.

सांगायचे म्हणजे, ऐकलेले पुष्कळ आणि पाहिलेले थोडे. त्यातून दोन घुबडे दिवसाउजेडी हवेत एकमेकांना भिडली आहेत, एक वरून झेप घेते आहे आणि दुसरे पाठीवर उलटून पंजे दाखवते आहे, असे दृश्य आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. इंग्लंडच्या पूर्व भागात अशा दृश्याचे फोटो घेण्यासाठी लोक हिवाळाभर गार वाऱ्यात बांधावर उभे राहतात. वेड म्हणा हवे तर. पण त्या फोटोमागे जमिनीची, गवताची आणि उंदरांची जी गोष्ट आहे ती ऊस लावणाऱ्या माणसाने वाचावी अशी आहे. शिवाय तो मुलूखही आपल्यासारखाच साखरेचा आहे.

बीटाच्या मुलखातले पाहुणे

केंब्रिजशायर, नॉरफोक, सफोक ही इंग्लंडच्या पूर्वेकडची परगण्यांची नावे. तेथे 'फेन' नावाचा सखल, सपाट टापू आहे. पूर्वी ही सारी दलदल. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्म्युडेन या डच इंजिनियराच्या देखरेखीखाली तेथे मोठमोठे चर खणून पाणी काढायला सुरुवात झाली. पुढे पवनचक्क्या आल्या, वाफेची इंजिने आली, डिझेलचे पंप आले. दलदल गेली आणि खाली निघाली काळीभोर पीट माती. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या वनस्पतींची माती. नुसते खतच म्हणा ना. त्या मातीत आज गहू, बटाटा आणि साखरेचे बीट पिकते. विसिंग्टन आणि बरी सेंट एडमंड्स येथले बीटाचे मोठे साखर कारखाने याच भागात आहेत. आपल्यासारखाच त्यांचाही हंगाम असतो. सप्टेंबरच्या सुमारास कारखाना पेटतो आणि हिवाळा सरेपर्यंत बीटाच्या गाड्या रस्त्याने वाहत असतात.

या गाड्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत, साधारण ऑक्टोबरमध्ये, उत्तरेकडून समुद्र ओलांडून एक घुबड या टापूत उतरते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या थंड देशांत बर्फ पडू लागला, की हे पाहुणे दक्षिणेची वाट धरतात. इंग्रजीत त्याला 'शॉर्ट-इअर्ड आउल' म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला आखूडकान्या म्हणू. डोक्यावर कानासारखी दिसणारी दोन पिसांची टोके असतात, पण ती इतकी आखूड की बहुधा दिसतच नाहीत. अंग भुरे-पिवळट, त्यावर गर्द रेघा. डोळे हळदीसारखे पिवळे आणि भोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. लांबी सव्वा फुटाच्या आसपास, पण पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत मीटरभर. वजन मात्र तीन-चारशे ग्रॅम. एवढ्याशा अंगाला एवढे मोठे पंख, म्हणून ते कागदासारखे तरंगत उडते.

बाकी बहुतेक घुबडांहून याची रीत वेगळी. झाडाच्या ढोलीत न राहता ते उघड्या माळावर, गवतात, जमिनीवरच बसते आणि दुपार कलली की उजेडातच शिकारीला निघते. म्हणून तर त्याचा उडतानाचा फोटो मिळू शकतो. डिसेंबरात तेथे सूर्य चार वाजायच्या आतच मावळतो. तेव्हा फोटोवाल्याच्या हाती दुपारचे एक-दोन तास, तेही ढग नसले तर.

भांडण कशावरून?

आखूडकान्याची शिकार म्हणजे शेत नांगरण्यासारखे काम. जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे, वळायचे, पुन्हा यायचे. कान खाली, डोळे खाली. गवतात खसफस झाली की हवेतच थबकून, पंख वर करून धपकन खाली. त्याचे मुख्य अन्न म्हणजे व्होल हा आखूड शेपटीचा, वीस ते चाळीस ग्रॅम वजनाचा गवती उंदीर. तो गवताच्या बुडाशी, वाळलेल्या पात्यांच्या थराखाली बोगदे करून राहतो. ज्या वर्षी व्होल फार, त्या वर्षी घुबडे फार. व्होल कमी झाले की घुबडे पुढच्या गावाला. व्होलांची भरती-ओहोटी साधारण तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने चालते.

आता एकाच तुकड्यावर चार-पाच घुबडे उतरली की काय होणार? पाटाच्या पाण्यावरून पाळी चुकली की आपल्याकडे जे होते तेच! एक घुबड गवतावरून चालले असते, समोरून दुसरे येते. दोघेही घोगऱ्या आवाजात भुंकल्यासारखे ओरडतात. मग एकमेकांभोवती गोल फिरत वर वर चढतात. ज्याने उंची साधली ते वरून उतरते. खालचे शेवटच्या क्षणाला कुशीवर किंवा थेट पाठीवर उलटते आणि दोन्ही पंजे पुढे काढते. क्वचित पंजात पंजा अडकून दोघे गिरक्या घेत खाली येतात. पण बहुतेक वेळा अंगाला अंग न लागताच निकाल लागतो. दोन-तीन सेकंदांचा मामला. एक बाजूला होते, दुसरे पुन्हा आपल्या कामाला.

यात एक शहाणपण आहे, बघा. घुबडाची नखे ही त्याची कोयता-विळा. लढाईत ती मोडली किंवा पंखाचे मोठे पीस गेले तर उद्याची शिकार गेली, आणि हिवाळ्यात उद्याची शिकार गेली म्हणजे जीवच गेला. म्हणून ते ताकद दाखवतात, वापरत नाहीत. कोर्टकज्जात दोन एकरांसाठी चार एकर घालवणाऱ्याने हे पाहून घ्यावे.

दुसरा एक सामना आखूडकान्या आणि केस्ट्रेल यांचा. केस्ट्रेल हा ससाण्याच्या कुळातला छोटा पक्षी. हवेत एका जागी पंख फडफडत उभा राहतो, हिवाळ्यात आपल्याकडेही दिसतो. घुबडाने व्होल पकडून वर उचलला, की हा बाणासारखा येऊन त्याच्या पायातला व्होल ओढू पाहतो. घुबड व्होल सोडत नाही, केस्ट्रेल व्होल सोडत नाही, आणि दोघे एका उंदराला लटकून हवेत गरगर फिरतात. कष्ट एकाचे आणि माल दुसऱ्याचा, हा व्यवहार पाखरांतही आहे.

वसंतात उत्तरेच्या माळावर परत गेल्यावर याच घुबडाचे वेगळे रूप दिसते. नर उंच चढतो आणि पंख पोटाखाली नेऊन टाळ्या वाजवल्यासारखे एकमेकांवर आपटत मादीसमोर खाली उतरतो. पण तो काळ पिल्लांचा, नाजूक. फोटोवाल्यांचा खरा हंगाम हिवाळ्याचाच.

दीड मीटरचा पट्टा

कुणी म्हणेल, आता तर खिशातल्या फोनवर फोटो निघतो, त्यात काय अवघड? तर अडचण अशी आहे.

घुबड ताशी ३० किलोमीटर वेगाने चालले आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला आठ मीटरांहून अधिक. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या ६० व्या भागाइतका उघडा राहिला, तर तेवढ्यात पाखरू १४ सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि फोटोत नुसता धुरकट पट्टा येतो. तोच वेळ सेकंदाचा २००० वा भाग केला तर पाखरू फक्त ४ मिलिमीटर सरकते आणि पीस न् पीस दिसते. पण पडदा इतका थोडा वेळ उघडला तर उजेडही तितकाच थोडा आत येणार, आणि हिवाळ्यातल्या दुपारी उजेडाचीच तर वानवा. रिळाच्या काळी येथेच गाडी अडायची. आजचे कॅमेरे अंधुक उजेडातही चालतात आणि सेकंदाला दहा-वीस फोटो घेतात, म्हणून ही दृश्ये आता हाती लागू लागली.

यापुढची अडचण यंत्रानेही सुटत नाही. लांबचे पाखरू जवळ आणायला ६०० मिलिमीटरची लांबलचक लेन्स लावतात. ४० मीटरवर असलेल्या पाखरावर ती नेमकी धरली, तर पुढे-मागे मिळून साधारण दीड मीटर जाडीचा पट्टाच स्पष्ट येतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारे धूसर. आता एका घुबडाच्या पंखांचा पसारा मीटरभर. दोन घुबडे भांडताना दोन्ही एकाच वेळी त्या दीड मीटरच्या पट्ट्यात यायला हवीत! एक अलीकडे आणि एक पलीकडे असेल तर एकाचेच तोंड दिसणार. म्हणून हजार फोटो काढावेत तेव्हा एखाद्यात दोघांचेही डोळे स्पष्ट येतात.

तो एखादा मिळावा यासाठी जाणता फोटोवाला यंत्रापेक्षा वाऱ्याकडे आधी पाहतो. आखूडकान्या संथ शिकार करतो ती बहुधा वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन अशा जागी उभे राहायचे, की वाऱ्याला सामोरे येणारे पाखरू आपोआप आपल्या पुढ्यातून जाईल. कोणते घुबड कोणत्या वेळी कोणत्या चराच्या कडेने जाते हे चार-आठ दिवस नुसते पाहायचे. मग एक घुबड येताना दिसले, की त्याच्याकडे न पाहता दुसरे कोठे आहे ते शोधायचे. दोन रेषा जिथे मिळणार ती जागा आधी ओळखायची. रात्री पाणी धरणाऱ्या माणसाला बांध कोठे फुटणार ते आधी कळते. तशातलाच हा प्रकार. पुस्तकात हे येत नाही, रानात उभे राहूनच येते.

एका डोळ्याची किंमत

घुबडाच्या फोटोचा विषय निघाला की एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचे नाव घ्यावेच लागते. १९०९ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने पाखरांचे फोटो काढणे हाच पोटापाण्याचा धंदा केला. त्या काळी असा धंदा करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. १९३७ च्या मे महिन्यात वेल्समध्ये तो टॉनी जातीच्या घुबडाच्या घरट्यापाशी फोटोसाठी आडोसा करून काम करीत होता. रात्रीच्या अंधारात तो आडोशाकडे निघाला असता घुबडाने आवाज न करता येऊन तोंडावर झडप घातली. नख डाव्या डोळ्यात गेले आणि तो डोळा कायमचा गेला. तेव्हा त्याचे वय होते २७.

दुसरा कुणी असता तर कॅमेरा विकून मोकळा झाला असता. हॉस्किंगने उरलेल्या डोळ्याने आणखी पन्नासेक वर्षे पाखरांचे फोटो काढले, त्यांत घुबडांचे पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेचा झटपट चमकणारा दिवा हाती आला, तेव्हा उडत्या घुबडाचे पंख रात्री फोटोत स्थिर पकडणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. व्होल चोचीत धरून पंख उभारलेल्या गव्हाणी घुबडाचा त्याचा १९४८ सालचा फोटो जगभर गाजला. १९७० साली त्याचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'पाखरासाठी एक डोळा' असा होतो. १९९१ साली तो वारला.

आवाज न करता आले, असे वर म्हटले ते शब्दशः खरे आहे. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यामुळे हवा फाटण्याचा आवाज होत नाही. उंदराला चाहूल लागत नाही आणि घुबडाला मात्र उंदराची चाहूल ऐकू येत राहते.

या हकिगतीतून घ्यायचा तो बोध असा. घरट्यापाशी माणूस गेला तर घुबडाला ती लढाई वाटते. त्याचा काही दोष नाही. हॉस्किंगच्या काळी घरट्याजवळ आडोसा करून फोटो काढणे ही नेहमीची रीत होती. आज तिकडचा कायदा बदलला आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गव्हाणी घुबडाला घरट्यावर किंवा घरट्याजवळ जाणूनबुजून त्रास देणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. परवान्याशिवाय तेथे कॅमेरा नेता येत नाही.

कॅमेऱ्याकडे पाहणारे घुबड

मोकळ्या माळावरच्या आखूडकान्याला मात्र कायद्याची अशी भिंत नाही. तेथे माणसाच्या शहाणपणावरच सारे. घुबडे आल्याची बातमी फुटली की सुटीच्या दिवशी बांधावर लेन्सांची रांग लागते. बहुतेक जण रस्त्यावरच थांबतात. पण एखादा पुढे सरकतो, मग त्याच्या मागे दुसरा. गवतात शिरला की बसलेले घुबड उठते. उठलेले घुबड उजेडी सापडले की कावळे मागे लागतात. शिकारीचा तासभर वाया जातो. आधीच दिवस आठ तासांचा, थंडी हाडे गोठवणारी. आपल्याला वाटते, एकदा उठले तर काय बिघडले? पण दिवसाकाठी दहा जण एकदा-एकदा उठवतात तेव्हा हिशोब वेगळा होतो.

उत्तर अमेरिकेत तर आणखी पुढची पायरी झाली. विकतचे पांढरे उंदीर बर्फावर सोडायचे आणि मोठे घुबड झेपावत आले की फोटो घ्यायचा. फोटो झकास येतो. पण घुबडाला माणसाची, गाडीची, रस्त्याची सवय लागते, आणि रस्त्याकडेने नीच उडणारे घुबड गाडीखाली जायला वेळ लागत नाही. याच कारणाने तेथले बरेच पक्षीप्रेमी आणि छायाचित्रकार असे फोटो नाकारतात.

मग खरा फोटो ओळखावा कसा? एक साधी खूण सांगता येते. ज्या फोटोत घुबड डोळे वटारून आपल्याकडे पाहते आहे, त्यात पुष्कळदा आपण त्याच्या कामात आडवे आलेलो असतो. आणि ज्या फोटोत दोन घुबडे एकमेकांकडे पाहत आहेत, तेथे माणूस त्यांच्या गणतीत नसतो. त्यांना त्यांचे भांडण महत्त्वाचे, आपण नाही. म्हणून हवेत भिडलेल्या दोन घुबडांचा फोटो हा नुसता वेगाचा विजय नव्हे. काढणारा दूर राहिला, गप्प राहिला, याचा तो पुरावा आहे. हा फोटो ओढून आणता येत नाही, तो मिळावा लागतो.

गवत कुणी राखले?

आता मूळ प्रश्न. घुबडे भांडायला एकत्र आली, कारण खाली व्होल होते. व्होल होते, कारण गवत होते. बीट आणि गव्हाच्या नांगरलेल्या मुलखात हे गवत आले कोठून?

या फोटोंसाठी नावाजलेली एक जागा म्हणजे केंब्रिजशायरमधली बर्वेल फेन. तिच्या शेजारी विकेन फेन नावाचे जुने राखीव रान आहे. 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने १८९९ साली तेथे पहिला दोन एकरांचा तुकडा घेतला. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा याच परिसरातली ॲडव्हेंचरर्स फेन ही दलदल कोरडी करून नांगराखाली आणली गेली. वेळू जाळून तेथे बटाटा आणि बीट लावले. देश उपाशी असताना दुसरे काय करणार? त्या काळाला ते योग्यच होते.

पण पीट मातीचा एक गुण आहे. पाणी काढले की ती आटते, हवेने जळते, वाऱ्याने उडते. होम फेन येथे १८५० च्या सुमारास जमिनीत एक लोखंडी खांब पुरला, त्याचे टोक तेव्हा जमिनीच्या बरोबरीने होते. आज ते टोक जमिनीवर सुमारे चार मीटर उंच आहे. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली! दोन पुरुष खोल माती सुमारे पावणेदोनशे वर्षांत गेली, हे वाचून कोणत्याही शेतकऱ्याच्या पोटात गोळा यावा.

१९९९ साली नॅशनल ट्रस्टने शंभर वर्षांची एक योजना जाहीर केली. विकेन फेनभोवतीची शेतजमीन मिळेल तशी विकत घ्यायची आणि पुन्हा गवत-पाणथळीला सोडायची. बर्वेल फेनवरची शेतजमीन २००१ साली घेतली. नांगर थांबला, गवत आले, त्यावर कोनिक जातीची घोडी आणि लांब केसांची हायलँड गुरे चरायला सोडली. गवताच्या मागे व्होल आले आणि व्होलांच्या मागे घुबडे आली.

आसपासच्या शेतकऱ्यांना हे सारे रुचले असे नाही. इतकी सुपीक जमीन पिकातून काढायची, हे पाप नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता आणि तो जाहीरपणे मांडला गेला. तो सवाल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जमीन कसणाऱ्याला तो पटकन कळतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की नांगर चालूच राहिला तर उरलेली पीटही उडून जाईल आणि मग पीकही नाही आणि गवतही नाही. वाद आजही पुरता मिटलेला नाही. पण फोटो पाहताना एवढे ध्यानात ठेवावे, की त्या दोन घुबडांच्या खाली कुणाची तरी एके काळची पिकाऊ जमीन आहे.

आपल्या शिवारात

हे सारे दूर देशीचे खरे, पण आखूडकान्या आपल्याला अगदीच परका नाही. उत्तर आशियातली याच जातीची घुबडे हिवाळ्यात हिंदुस्थानात उतरतात, आणि महाराष्ट्रातल्या उघड्या माळरानांवरही ती येतात. ज्या रानाला आपण सातबारावर पडीक म्हणतो, जिथे धनगरांची मेंढरे चरतात, तेच त्यांचे रान. म्हणून माळ म्हणजे वाया गेलेली जमीन, असे म्हणण्याआधी हिवाळ्यात एकदा सांजवेळी जाऊन पाहावे.

उसाच्या फडाशी ज्याचा रोजचा संबंध येतो ते मात्र गव्हाणी घुबड. पांढऱ्या, बदामाकृती तोंडाचे, पडक्या वाड्यात, जुन्या विहिरीच्या कपारीत, गोदामाच्या आढ्यावर राहणारे. एक घुबड रात्रीला साधारण तीन-चार उंदीर खाते, आणि पिल्ले असली तर नर-मादी रात्रभर फेऱ्या घालतात. उसाची कांडी बुडाशी कुरतडून पाडणाऱ्या उंदराने किती नुकसान होते हे येथे सांगायला नको. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेल ग्लेड भागात ऊस उत्पादकांनी १९९० च्या दशकापासून शेताकडेला लाकडी पेट्या उभ्या करून गव्हाणी घुबडांना घर दिले आहे. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांतही हेच केले जाते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस झिंगत उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच घुबडाला आयता सापडतो. ते विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची तपासणी करतात, तेव्हा बहुतेकांच्या यकृतात अशा विषाचे अंश सापडतात. म्हणजे औषध टाकून आपण उंदरासोबत उंदराच्या वैऱ्यालाही मारतो. औषध टाकूच नये असे म्हणणे नाही. पण गरज असेल तेव्हाच, बिळात, सांगितलेल्या मापातच टाकावे आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. शेताच्या कडेला टी आकाराचे चार पक्षीथांबे उभे केले तर खर्च नाही आणि घुबडाला बसायला जागा होते.

दुसरे म्हणजे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात घुबड पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. तरीही जादूटोण्यासाठी त्यांचा चोरटा व्यापार चालतो आणि दिवाळीच्या सुमारास त्याला ऊत येतो, हे २०१० साली 'ट्रॅफिक' या संस्थेच्या अहवालाने देशापुढे मांडले. तेव्हा आपल्या विहिरीत घुबडाचे बिऱ्हाड असेल तर त्याचा गवगवा करू नये. फोटो काढला तरी जागेचे नाव चारचौघांत सांगू नये.

आता खेडोपाडी तरुण मुलांच्या हाती चांगले कॅमेरे आले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगणे, की ढोलीत बॅटरी मारू नका, पिल्लांपाशी जाऊ नका, पाखरू उठवण्यासाठी खडा मारू नका. सांजवेळी बांधावर गुमान बसा. चार दिवस कॅमेरा नाही काढला तरी चालेल, आधी त्याची येण्या-जाण्याची वाट ओळखा. दोन गव्हाणी घुबडे फडावरून एकामागोमाग जाताना दिसली आणि तुम्ही तेथे आहात हे त्यांच्या गावीही नसले, तर फोटो येवो न येवो, तुमच्या शिवारात अजून घुबडे राहतात एवढे तरी तुम्हाला कळेल. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती बातमी फोटोपेक्षा मोठी आहे.